पाय ब्रेकवर नव्हता

इंजिनवाल्या मिस्त्रीला लोक घरी जेवायला बोलावतात. गाडी कशी पळते म्हणून चारचौघांत त्याचं नाव घेतात. ब्रेकवाल्याला फोन येतो तो गाडी थांबली नाही म्हणून. चाळीस वर्षांत "शिंदे, आज गाडी फार छान थांबली हो" असं सांगायला एकही माणूस माझ्या गॅरेजात आलेला नाही. तक्रार नाही. गाडी चालवताना ब्रेकची आठवणसुद्धा झाली नाही म्हणजे ब्रेक चांगले आहेत, एवढं मला कळतं. पण या अंकासाठी लिहा असा आग्रह झाला तेव्हा आधी हेच मनात आलं, म्हणून आधी सांगून टाकलं. आता पुढचं बरं बोलतो.

माझं गॅरेज वारज्याला आहे. मी आलो तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती. आता इतक्या इमारती झाल्यात की ब्रेकची ट्रायल घ्यायला रिकामा रस्ता शोधत पार नदीपलीकडे जावं लागतं. मी फक्त ब्रेक करतो, आणि गेली पंधरा वर्षं फक्त जुन्या जीपचे. नव्या गाडीचा आजार कॉम्प्युटरला विचारतात. जुन्या जीपला खाली वाकून विचारावं लागतं, आणि माझे गुडघे अजून वाकतात, त्यामुळे आमचं जमून गेलं. या जुन्या गाड्या आणि त्यांचे हट्टी मालक नसते तर मी कधीच घरी बसलो असतो. दोघांचेही माझ्यावर उपकार आहेत.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुम्ही पेडल दाबता. त्याच्या पलीकडे एक नळकांडं असतं, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. त्यात ब्रेक ऑइल असतं आणि रबराची एक छोटी वाटी असते. पाय दाबला की ती वाटी ऑइलला पुढे रेटते, ऑइल पाइपातून चारी चाकांकडे जातं आणि तिथले लायनर, म्हणजे घासपट्ट्या, चाकाच्या ड्रमला दाबून चाक थांबवतं. पाय काढला की ऑइलने मागे यायला पाहिजे. त्यासाठी मास्टरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. वाटी पूर्ण मागे सरकली तरच ते उघडं पडतं. ते उघडलं नाही तर तुमचा पाय कुठेही असो, ब्रेक लागलेलेच राहतात. चार चाकं, टनभर लोखंड आणि आत बसलेली माणसं, सगळं त्या भोकावर अवलंबून.

दुसरी गोष्ट मागच्या लाल दिव्याची. हल्लीच्या गाड्यांत त्याचं बटण पेडलला असतं. पाय ठेवला, दिवा लागला. जुन्या जीपमध्ये तसं नाही. तिथे बटण ऑइलच्या पाइपावर बसवलेलं असतं आणि आतल्या दाबाने ते चालतं. म्हणजे दिवा लागतो तो दाबामुळे, पायामुळे नाही. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतं. जेव्हा नसतं, तेव्हा माझं काम सुरू होतं.

दिव्याच्या गमती खूप आहेत. बावधनहून दोन तरुण यायचे, दोघंही आयटीतले. एका जुन्या जीपवर त्यांनी पुढे अकरा दिवे बसवले होते, मी मोजले. मागचा ब्रेकचा दिवा मात्र लागत नव्हता. "काका, बेसिकली इश्यू इंटरमिटंट आहे. बल्ब तीनदा रिप्लेस केला," एकाने सांगितलं. मी म्हटलं, "बल्बचा काय दोष? त्याला बिचाऱ्याला जमीन कुठे मिळाली आहे?" गाडी नवी कोरी रंगवून आणली होती आणि दिव्याचं बूड त्या जाड रंगावर बसवलं होतं. विजेला परतायला लोखंड लागतं. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दिव्याखालचा रंग नाण्याएवढा खरवडला. दोघांच्या तोंडून असा आवाज आला की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. दिवा लागला. पोरं गुणी, दर दिवाळीला चकल्या घेऊन येतात. रंगाबद्दल मला अजून माफ केलेलं नाही.

दुसरे एक सदाशिव पेठेतले निवृत्त गृहस्थ. त्यांच्याकडे गाडीची वही होती आणि तिच्यात प्रत्येक थेंबाची नोंद. पेडलला सुरुवातीला अर्धा इंच मोकळीक असते, पाय ठेवला तरी काही होत नाही, हे त्यांना खटकलं. "एवढी जागा फुकट का घालवायची?" म्हणून त्यांनी स्वतःच पेडलमागचा रॉड लांब करून ती जागा काढून टाकली. सिंहगडाच्या पायथ्याला गाडीचे ब्रेक आवळले ते सुटेचनात, आणि मागचा दिवा लागलेला तो लागलेलाच. त्यांना समजावताना मला घाम फुटला. अहो, ती अर्धा इंच जागा म्हणजेच ते भोक उघडायला लागणारी जागा. वाटी पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतत नाही, म्हणून दाब राहतो आणि म्हणून दिवा राहतो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली माझी सही मागितली.

या गृहस्थांचं मुद्दाम सांगितलं. दिवा लागून राहिला तर काय समजायचं, हे मला तेव्हापासून पाठ होतं. म्हणजे पुढे जे सांगणार आहे त्यात "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी आठवडाभर, मेश्राम साहेब आले. सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर, मूळचे भंडाऱ्याकडचे, आता कात्रजला स्वतःचं घर. बरोबर त्यांचे वडील होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काटक, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. घरातले सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही तेच म्हणू लागलो.

त्यांनी आणलेली खिळखिळी जीप बघून मी आधी नाक मुरडलं होतं, पण गोष्ट ऐकल्यावर सरळ झालो. बाबा सरकारी ड्रायव्हर. एकोणीस वर्षं त्यांनी हीच जीप चालवली, खात्यातल्या साहेबांना कालव्यांवरून फिरवलं. जीप लिलावात गेली, बाबा दुसऱ्या गाडीवर गेले, पुढे निवृत्त झाले. मुलगा शिकून स्वतः साहेब झाला आणि त्याने नंबरावरून शोधत शोधत ती जीप एका कंत्राटदाराच्या शेडमधून बाहेर काढली. इंजिन दुसरीकडे करून घेतलं होतं. ब्रेक माझ्याकडे.

"बाबांनी चालवावी म्हणून घेतली," साहेब म्हणाले. "डॉक्टरांनी फिट दिलंय, लायसन्स रिन्यू झालंय. फक्त त्यांच्या सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, काळजी वाटते."

बाबांनी चपला काढल्या, नीट जोडून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी सीटवर चढले. पेडलवर तळपाय टेकवून डोळे मिटले. "दोन बोटं खाली जाते, मंग लागते," म्हणाले. "मागचं डावं चाक उशिरा धरते." चाकाला हात लावायच्या आधी पेडलवरून एवढं सांगणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. ड्रम उघडल्यावर मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर खरंच जाम निघाला.

मी सवयीने विचारलं, "साहेब, दसऱ्याला गाडी इथेच असणार. हार घालू ना?"

"नको. आमच्याकडे ते करत नाहीत," साहेब शांतपणे म्हणाले. "आम्ही त्या दिवशी विहारात असतो. तुम्ही ब्रेक तेवढे नीट करा."

मला ते उत्तर आवडलं. हार घालून ब्रेक न करणारे मी पुष्कळ बघितले होते.

नवमीपर्यंत सगळं जोडून झालं. आतल्या रबरांची नवी किट, नवे रबरी पाइप, नवे लायनर. फक्त ऑइल भरून हवा काढायची राहिली होती. आणि मग आली खंडेनवमी. आमच्या धंद्यात हा मोठा दिवस. पाने, जॅक, हातोड्या, सगळं घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी कशालाही कामाला लावायचं नाही. वर्षभर ज्यांच्यावर पोट भरतं त्यांना एक दिवस सुट्टी. मला हा सण फार आवडतो आणि मी तो दुसऱ्या कोणावर सोपवत नाही.

माझ्याकडे एक चोचीचा पत्र्याचा डबा होता. फक्त ब्रेक ऑइल ओतायला. त्यात दुसरं काही घालायचं नाही म्हणून त्यावर लाल रंगाने फुली मारलेली. कारण ब्रेक ऑइल हे नावापुरतंच ऑइल, त्याची जातच वेगळी. साधं ऑइल, डिझेल, ग्रीस यातलं काही त्यात गेलं तर आतलं रबर फुगतं. ही गोष्ट मी येईल त्याला ऐकवायचो, काही जण माझा हा पाठ सुरू झाला की घड्याळ बघायचे.

त्या दिवशी मी तो डबा चिंचेने घासला, आतूनबाहेरून धुतला, उन्हात वाळवला. छान चमकला. मग वाटलं, आत ओल राहिली तर गंज धरेल. सगळ्या हत्यारांना तेलाचा हात फिरवतोय, यालाच कशाला वगळायचं? चमचा-दीड चमचा मशीन ऑइल आत टाकलं, गरगर फिरवलं, आणि वापरायच्या आधी पुसून घेऊ म्हणून पाटावर मांडला. कुंकू लावलं. नमस्कार केला.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी. मी तोच डबा उचलला, ब्रेक ऑइल भरलं, जीपमध्ये ओतलं, हवा काढली. पेडल दगडासारखं घट्ट. दिवा लागत होता, विझत होता. संध्याकाळी साहेब गाडी घेऊन गेले. डबा पुसायचा होता हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

रबर लगेच फुगत नाही. त्याला चार-पाच दिवस लागतात.

पुढच्या रविवारी बाबा चालवत होते, शेजारी साहेब, मागे सूनबाई. जुन्या कात्रज घाटाने बोगद्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. चढावर गाडी जड होत गेली. जळका वास आला. मागून एक मोटरसायकलवाला पुढे येऊन ओरडला, "आजोबा, ब्रेकवरचा पाय काढा की, दिवा लागलाय कधीचा!" आणखी दोन वळणांनंतर जीप जागीच थांबली. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या. साहेबांनी बाबांना खाली उतरवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसले, तरी गाडी हलेना. शेवटी ट्रकवर चढवून ती माझ्या दारात आणली.

साहेब माझ्यावर चिडले नाहीत. तेच अवघड झालं. ते म्हणाले, "तुमची काही चूक नाही, शिंदे. बाबांचा पाय पूर्ण वेळ ब्रेकवर होता, घासून घासून ब्रेक जाम झाले. मागच्या माणसाने दिवा पाहिला. मीही खाली उतरून पाहिला, तेव्हा बाबा सीटवरच होते. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनाही कळलं असणार. वय झालंय त्यांचं, मीच ऐकलं नाही." मग खाली बघत म्हणाले, "मुळशीकडे एकांचं फार्महाऊस आहे. लॉनवर ठेवायला त्यांना जुनी जीप हवीच आहे. शनिवारी बघायला येतील. तोपर्यंत चाकं फिरतील एवढं करा."

ते गेल्यावर मी पेडल एकदा दाबलं आणि सोडलं. मागे जाऊन पाहिलं. दिवा चालूच. पेडलजवळ चिटपाखरू नव्हतं. चाकाजवळचं हवा काढायचं निप्पल सैल केलं, ऑइलची चिळकांडी उडाली, आणि दिवा विझला. मास्टर उघडला. रबराची वाटी फुगून मऊ झाली होती, बोटाने दाबली तर खळगा पडत होता. ते भोक तिने पार झाकून टाकलं होतं.

कोणीतरी चुकीचं ऑइल ओतलं, हे स्वच्छ दिसत होतं. माझा पहिला संशय साहेबांवर. पण काम संपवताना मास्टरच्या झाकणावर मी मारलेली खूण जशीच्या तशी होती, कोणी ते उघडलेलंच नव्हतं. मग मी फळीवर पाहिलं. डब्यावर कुंकू अजून होतं. आत बोट घातलं, बोट तेलकट निघालं, आणि त्याला वास मशीन ऑइलचा.

आता खरं सांगतो. त्या वेळी मला बाबांची आठवण आधी आली नाही. आधी आठवलं माझं नाव. "शिंद्यांनी ब्रेक केले म्हणजे बघायला नको," असं लोक म्हणायचे. आणि मनात आलं की कोणाला कळणार आहे? साहेबांनी स्वतःच निकाल दिला आहे. नवी वाटी टाकली, गाडी दिली, ती लॉनवर गेली, की संपलं. मी गप्प बसलो. सोमवार गेला, मंगळवार गेला. चाळीस वर्षांत दुसऱ्यांच्या चुका मी माझ्या दारात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या, आणि स्वतःची आली तेव्हा तोंडाला कुलूप लागलं. याची लाज अजून वाटते.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास बाबा आले. एकटे, कात्रजहून दोन बस बदलून. मी स्टूल दिलं, पाणी दिलं. ते बसले, पण पाण्याला हात लावला नाही.

"मिस्त्री, एक इचारू का? खरं सांगजा," म्हणाले. "पोरगा म्हणते पाय ब्रेकवर होता. सून म्हणते. तो गाडीवाला म्हणे. मले तर वाटते नोता. पण इतके लोकं म्हणून राहिले तं..." त्यांनी चप्पल काढली आणि उजवा तळपाय मला दाखवला, डॉक्टरला दाखवावा तसा. "मी बूट घालून कदी गाडी चालवली नाई. या पायाले पेडल समजते. तुमी पाह्यलं त्या दिवशी. आता पाय ठेवून बी मले समजलं नसल, तं हा पाय गेला म्हणाचा. मंग मी कोनत्याच गाडीवर बसत नाई. कोनाचं लेकरू मदात आलं तं? पोरानं जीप इकली तरी मले वाईट नाई. फक्त एवढं सांगा, होता का नोता?"

मी आत गेलो, काचेचा ग्लास पाण्याने भरून आणला, त्यांच्यासमोर बाकावर ठेवला. जीपमधून काढलेलं ऑइल चमचाभर त्यात सोडलं.

"बाबा, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. हे बघा."

बरंचसं मिसळलं. आणि वर भाजीवर तर्री येते तसे तेलाचे गोल तवंग उभे राहिले.

"पाय नव्हता," मी म्हटलं. "पाय अजिबात नव्हता. हे तेल मी घातलं." आणि डबा आणून दाखवला. खंडेनवमी, चिंच, चमचा-दीड चमचा, सगळं सांगितलं. दिवा कसा दाबाने लागतो ते सांगितलं.

बाबांनी ग्लास हलवून तवंग पुन्हा वर येताना पाहिला. मग त्यांनी चप्पल पायात घातली.

"कदी समजलं तुमाले?"

"रविवारीच."

"तीन दिवस झाले," ते म्हणाले. "मी झोपलो नाई." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी मी आधी प्यायला दिलेला पाण्याचा ग्लास उचलून एका दमात संपवला. उठले. "चला," म्हणाले. "हे मी सांगून होनार नाई. बाप सोताले वाचवते म्हनतीन."

मी शटर ओढलं. रिक्षा केली. डबा आणि बाटलीत उरलेलं ऑइल पिशवीत घेतलं. सबंध रस्ताभर बाबा मला कालव्यावरच्या वाटेबद्दल सांगत होते, जसं काही मी पाहुणा म्हणून चाललोय. ते मला धीर देत होते, हे मला नवले पुलाजवळ लक्षात आलं.

साहेब त्या दिवशी घरीच होते, ताप होता. सूनबाईंनी दार उघडलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, ग्लास मागून घेतला, तवंग दाखवला. सूनबाई म्हणाल्या, "पण दिवा तर लागलेला होता ना?" मी त्यांना दाबाचं समजावलं, सदाशिव पेठेतल्या गृहस्थांना समजावलं होतं तसं. त्यांना पहिल्या झटक्यात समजलं. त्या सासऱ्यांकडे वळल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

साहेब ग्लासाकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मग म्हणाले, "बाबा, मी तुम्हाला विचारलंच नाही. पाय होता का म्हणून एकदासुद्धा विचारलं नाही."

"साहेब लोकं ड्रायवरले इचारतेत का कदी?" बाबा म्हणाले. हसत म्हणाले, आवाज अगदी मऊ होता. पण साहेबांचं तोंड जे उतरलं ते मी विसरणार नाही. ड्रायव्हरच्या पोटी जन्मलेला माणूस, आणि हे वाक्य त्याला स्वतःच्या घरात ऐकावं लागलं. ते उठले, तापात होते तरी, आतल्या खोलीत गेले, आणि मुळशीच्या माणसाला फोनवर नाही म्हणाले. दार उघडंच होतं, आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

मी निघालो तेव्हा माझी तयारी होती. ते जीप दुसऱ्याकडे नेतील, चार लोकांना सांगतील, ते योग्यच झालं असतं. जिन्यात साहेब मागून आले. "मग आता नीट कधी होईल?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "साहेब, दुसरा चांगला माणूस सुचवतो." त्यांनी वर बघितलं. बाबा कठड्याशी उभे होते.

"दुसरा कायले?" बाबा वरून म्हणाले. "याले आता समजलं न."

चाळीस वर्षांत मला यापेक्षा मोठं काही मिळालेलं नाही. मी ते सर्टिफिकेट मागितलं नव्हतं आणि त्या दिवशी माझी लायकीही नव्हती, पण त्यांनी दिलं. पुढे मी त्या गाडीतलं प्रत्येक रबर फेकून दिलं, पाइप स्पिरिटने धुतले, डबा भंगारात टाकला. आता ब्रेक ऑइल मी सीलबंद डब्यातून थेट ओततो. खंडेनवमीला पूजा करतो, पण डब्यांना हात लावत नाही. आणि आलेल्या माणसाला ही गोष्ट मी स्वतःहून सांगतो. गिऱ्हाईक कमी झालं नाही, उलट काही जण गोष्ट ऐकायलाच येतात.

पण मला सांगायचा आहे तो त्यानंतरचा रविवार. बाबांनी निरोप पाठवला की त्यांच्या खात्यात पद्धत होती, ज्याने ब्रेक केले तो पहिल्या उताराला गाडीत बसणार. मी सकाळीच गेलो. बाबांनी चपला काढून सीटखाली ठेवल्या. मला शेजारी बसवलं, साहेबांच्या जागेवर. मी नको नको म्हणत होतो, पण साहेब आधीच मागे चढले होते, आणि तेही उलटं तोंड करून. मागच्या फळीवर पोट टेकवून, हात खाली सोडून, खाली बघत.

"साहेब, हे काय?"

"दिवा बघतो," ते म्हणाले.

बोगद्यापर्यंत चढलो, गाडी वळवली आणि कात्रजकडे उतरायला लागलो. पहिलं वळण आलं. बाबांनी पेडल दाबलं.

"लागला," मागून साहेब ओरडले. बाबांनी पाय उचलला. "गेला."

दुसऱ्या वळणावर तेच. लागला, गेला. एवढा हुद्द्याचा माणूस, इस्त्रीच्या शर्टावर धूळ घेत, वाऱ्यात ओरडून वडिलांना सांगत होता. मागून येणारे लोक बघत होते. त्याचं त्याला काही नव्हतं. बाबांची नजर रस्त्यावर, मान ताठ. पण तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, मी शेजारी होतो म्हणून मला दिसलं.

मग घाट संपला, खालचा सरळ सपाट रस्ता लागला. पुढे गाडी नव्हती, वळण नव्हतं, ब्रेकची काही गरज नव्हती. बाबांनी पाय पेडलवर टेकवून हलकेच दाबला.

"लागला, बाबा," मागून आवाज आला.